खोडाची साखर

आमच्याकडे केळीचा घड उतरला की झाडाचं काम संपलं. कोयत्याचा घाव घातला की मांडीएवढं जाड खोड आडवं. त्याचं सरपण होत नाही, कारण आत नुसतं पाणी. गुरं खातात, पण किती खाणार? मग ते ओढत न्यायचं आणि बांधावर, नाल्यात, नाहीतर रस्त्याच्या कडेला टाकायचं. यावलच्या रस्त्यानं गेलात तर दोन्ही बाजूंना काळे पडलेले ढीग दिसतील, चिलटांनी भरलेले. सत्यनारायणाला चार खांब लागतात, लग्नाच्या मांडवाला लागतात, ते ज्याला हवे तो येऊन तोडून नेतो. त्याचे पैसे कुणी घेत नाही, कुणी विचारतही नाही. बाकी सगळा कचरा. माझा जन्म हा कचरा ओढण्यात गेला. म्हणून माझी मुलगी जेव्हा म्हणाली की या खोडातून साखर काढता येते, तेव्हा मी हसलो नाही.

हसला तो आबा.

आबा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचे आजोबा धुळ्याकडचे, पाण्याच्या मागं इकडे तापीच्या अंगाला आले आणि केळीत रमले. गाव आपल्या वळणानं बोलतं, आमच्या घरात अजून अहिराणी चालते, आणि आबाला तर दुसरं काही बोलताच येत नाही. मी चौथीपर्यंत तरी शाळेत बसलो. आबा एक दिवस गेला आणि मास्तरांनी कान धरला म्हणून परत गेला नाही. सही करतो, वाचता येत नाही. हे त्याला कमी लेखायला लिहीत नाही. त्याला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणारं त्याच्या घरात आता कुणी उरलं नाही, म्हणूनच मी हे लिहू शकतो. त्याच्या तोंडावर बोलायचं नाही असं मी मुलीला कबूल केलंय. कबूल केलं ते पाळतो मी. पण कागदावर लिहायचं नाही असं ती म्हणाली नव्हती.

मुलगी जळगावात शिकली. शिकली म्हणजे शिकतच राहिली. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, मग त्याच्या पुढचंही काही केलं. माझ्या भावकीनं मला तोंडावर सांगितलं होतं, मुलीवर एवढा खर्च कोण करतो. मी म्हटलं, मी करतो. एवढं शिकून तिला कॉलेजात तासाप्रमाणे काम मिळालं. जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि दर वर्षी नव्यानं मुलाखत. सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी परत. एके वर्षी तिला परत बोलावलंच नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. ज्याला घेतलं तो कुणाचा तरी जावई होता, एवढं मला कळलं. तिनं ते मला सांगितलं नव्हतं, मी काढलं.

मग ती घरी बसली. बसली म्हणजे बसली नाही. केळी भरायचं आमचं शेड आहे शेतात, पत्र्याचं, अर्धं माझं अर्धं आबाचं. तिथं तिनं निळे प्लास्टिकचे ड्रम आणून ठेवले, एक मोठं पातेलं, चूल, पाणी तापवायचा रॉड. आणि बांधावरची खोडं कापून आणायला लागली. आबा रोज सकाळी शेडकडे चक्कर मारायचा आणि एक टोमणा टाकून जायचा.

"इतलं शिकनी आनि आते खोडं कुटस. कॉलेजमां खोडं नही भेटनात का तुले?"

ती हसायची. म्हणायची, आबा, कॉलेजात खोडंच होती, पण त्यांना खुर्चीवरून उठवता येत नव्हतं. आबाला ते कळायला थोडा वेळ लागायचा, मग तोही हसायचा. त्यांचं दोघांचं असंच होतं. माझ्याशी ती असं बोलत नाही. माझ्याशी कुणीच बोलत नाही असं, माझ्या तोंडाकडे बघूनच माणसं सरळ होतात.

मला तिनं ते एका दुपारी समजावून सांगितलं. म्हणाली, नाना, खोड म्हणजे साखरच आहे. पण ती साखर एकमेकीच्या हातात हात घालून उभी आहे, फुगडी घालतात तशी, आणि हात इतके घट्ट की जिभेला चव लागत नाही. ते हात सोडवले की गोड. मी विचारलं, सोडवणार कोण? तर म्हणाली, बैल कडबा खातो तेव्हा त्याच्या पोटात सोडवले जातातच ना, नाहीतर कडब्यातून त्याला ताकद कुठून येते. बैलाच्या पोटात बारीक जीव असतात, ते एक रस सोडतात, तो रस हे काम करतो. त्या रसाला मराठीत विकर म्हणतात. तसलाच रस आता कारखान्यात तयार होतो आणि डब्यात मिळतो. मला ते पटलं. बैल मी आयुष्यभर बघितलेत. ते कडबा खाऊन दिवसभर औत ओढतात, यात काहीतरी असणार हे मला नेहमी वाटायचं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

काम सोपं नव्हतं. खोड चिरायचं, पिळून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं, कुटायचं. मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं, म्हणजे ते सैल होतं. मग धुवायचं. इतकं धुवायचं की कागदाची पट्टी बुडवली तर निळी होता कामा नये. मग ड्रममध्ये टाकून त्यात लिंबाचं सत घालून किंचित आंबट करायचं, पाणी गरम ठेवायचं पण फार नाही, आणि मग तो डब्यातला रस ओतायचा. दोन-तीन दिवस ढवळत राहायचं. तिच्या हाताची कातडी कॉस्टिकनं सोलली. मी हातमोजे आणून दिले, तर म्हणाली, हातमोज्यात बोटांना कळत नाही. हट्टी आहे. ते कुठून आलं ते मला विचारू नका.

पहिले ड्रम वाया गेले. मग एकदा जमलं.

मला साखरेचा आजार आहे. घरात बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघायचं छोटं मशीन आहे. ते तिनं शेडवर नेलं होतं. ड्रममधलं पाणी गाळून एक थेंब पट्टीवर ठेवला, तर मशीनवर आकडा आलाच नाही, इंग्रजी दोन अक्षरं आली. मी विचारलं, बिघडलं का? ती म्हणाली, नाही नाना, मोजता येत नाही एवढी साखर आहे. माझ्या रक्तात असा आकडा आला असता तर डॉक्टरनं मला दवाखान्यात झोपवलं असतं. इथं ती नाचायचीच बाकी होती. चाखायचं नाही म्हणून तिनं सांगितलं होतं, ते माणसानं खायचं नाही. मी तिचं लक्ष नसताना बोट बुडवून चाखलं. गोड होतं. उसासारखं नाही, मागं थोडं तुरट आणि किंचित खारट. पण गोड. मी खोड चाखलं होतं लहानपणी, सगळ्यांनीच चाखलेलं असतं, जीभ आखडते. तेच खोड हे.

मी कुणाला सांगितलं नाही. टपरीवर फक्त एवढं म्हटलं की ज्यांना मुलीचं शिक्षण वाया गेलं असं वाटतं त्यांनी शेडवर येऊन जावं. संध्याकाळपर्यंत आबा आला. त्यानंही बोट बुडवलं. मग परत एकदा बुडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्याच्या वाट्याच्या बांधावरची सगळी खोडं बैलगाडीत भरून शेडसमोर आणून टाकलेली.

तिथून आबा बदलला. सकाळी भाकरी खाऊन शेडवर यायचा तो संध्याकाळीच जायचा. ड्रम ढवळायचा, मजुरीला घेतलेल्या बायकांना खोडं बारीक चिरा म्हणून ओरडायचा, आल्यागेल्याला "आम्हनी फॅक्टरी" म्हणून दाखवायचा. एकदा गल्लीतला एक माणूस सत्यनारायणाचे खांब तोडायला आला, तर आबानं त्याला बांधावरून हाकललं. आते हाई फुकटनं नही शे, म्हणाला. गावात त्यावरून बोलाचाली झाली. मुलीनं स्वतः चार खांब तोडून त्या माणसाच्या घरी पोचवले तेव्हा मिटलं. पण मला आतून बरं वाटलं होतं. ज्यानं टोमणे मारले तोच आता राखण करतोय.

एकच गोष्ट त्याला खुपायची. तो डबा. गुजरातेतून यायचा, ट्रॅव्हल्सच्या गाडीनं, थर्माकोलच्या पेटीत बर्फात. तो आणायला मुलगी जळगावला जायची आणि आणल्यावर आमच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या वर ठेवायची. आबाचं म्हणणं, हे प्रत्येक वेळी विकत कशाला आणायचं. ड्रम गोड झाला की त्यातलंच तांब्याभर बाजूला ठेवायचं, पुढच्या ड्रमला तेच टाकायचं. आमच्या घरात विरजण कधी विकत आलेलं नाही. आईनं लावलेल्या दह्याचं विरजण वहिनीकडे चालू आहे, मोडलं नाही. कुणाच्या घरचं मोडलं तर ते आमच्याकडे वाटी घेऊन येतात, आणि दिवे लागल्यावर आले तर वहिनी देत नाही, सकाळी या म्हणते. आबाला याचा अभिमान आहे. त्याच्या हिशेबानं डबा विकत आणणं म्हणजे घरची लाज होती.

तिनं त्याला नीट सांगितलं होतं. मी समोर होतो, म्हणून सांगतो. म्हणाली, "आबा, दह्याचं विरजण जिवंत असतं, ते वाढतं. हे जिवंत नाही. हा कोयता आहे असं समजा. कोयत्यानं ऊस तुटतो, पण कोयत्याला पिल्लं होत नाहीत."

आबा खूप हसला. कोयताले पिल्लं, कोयताले पिल्लं, असं दिवसभर म्हणत राहिला. आम्हाला वाटलं, त्याला कळलं.

आता धुळ्याचं सांगतो. धुळ्याला एमआयडीसीत गुरांचं खाद्य करणारा एक कारखानदार होता. खाद्यात मळी घालावी लागते, आणि त्याला ती वेळेवर मिळत नव्हती. खोडाच्या साखरेचा पाक मळीच्या जागी चालेल का, असं मुलीनं त्याला विचारलं होतं. त्यानं आधी नमुना मागितला, तो त्याला पसंत पडला. मग म्हणाला, मी स्वतः येऊन बघतो, ड्रम माझ्यासमोर उघडा, तिथूनच घेऊन जाईन. जमलं तर जेवढा होईल तेवढा पाक घेईन.

त्याच दिवसांत तिला गुजरातेतून बोलावणं आलं होतं. ज्या कारखान्यात ते डबे भरतात तिथंच नोकरी. पगार चांगला, राहायला जागा. तिनं मला दाखवलं आणि म्हणाली, "नाना, धुळ्याचं जमलं तर मी इथंच राहीन. नाही जमलं तर जाईन. मग मला थांबवू नका."

मी कधी कुणाला थांबवलेलं नाही. गावातली पोरं पुण्याला गेली, सुरतेला गेली, मी कुणाच्या एसटीमागं धावलो नाही. पण ती राहावी असं मला वाटत होतं. तिची आई गेल्यावर घरात दोन माणसं होती, त्यातलं एक मी. आणि नुसतं तेवढंही नाही. शिकलेलं माणूस गावात परत येऊन गावातल्याच कचऱ्यातून काही करतं, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्या घरात झालं असतं. मी तिला तसं बोललो नाही, तो माझा स्वभाव नाही.

कारखानदार येणार त्याच आठवड्यात जळगावात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. काळा चष्मा लावून घरात बसायचं, धूळ नको, धूर नको, शेडकडे तर अजिबात नाही. मुलीनं ड्रमची सगळी तयारी करून ठेवली. खोडं उकळून झाली, धुऊन झाली, ड्रम भरला. पण लाईट गेलेली. पाणी तापल्याशिवाय डबा ओतता येत नाही. आणि कारखानदाराचा निरोप आला की कागदपत्रांचं बोलायला आधी तुम्ही धुळ्याला या, मग माझ्याच गाडीनं बरोबर परत येऊ. तिची मावशी धुळ्यालाच असते, दोन-तीन दिवस तिच्याकडे राहून मुलगी परत येणार होती. ती निघाली. जाताना आबाला थर्मामीटर दाखवला, कुठल्या रेघेपर्यंत पाणी तापलं पाहिजे ते दाखवलं, आणि फ्रीजमधला डबा त्याच्या हातात दिला. लाईट आली आणि पाणी तापलं की हा पूर्ण ओता, आबा. पूर्ण. आबानं मान हलवली. हे मी माझ्या ओट्यावर बसून ऐकलं. मग ती एसटीनं गेली.

ती परतली ती कारखानदाराच्या गाडीतून. मला राहवलं नाही, काळा चष्मा लावून मी शेडवर गेलो. आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून उभा होता. वहिनीनं चहा करून आणला होता. कारखानदार तरुण होता, बोलायला गोड, बूट चांगले, चिखलात पाय जपून टाकत होता. आधी चहा झाला. मग मुलीनं ड्रमचं झाकण काढलं.

मी डोळ्यानं नीट बघू शकत नव्हतो, पण नाक शाबूत होतं. आंबट भपकारा आला, सडलेल्या ताकासारखा आणि त्यात हातभट्टीसारखं काहीतरी. वर फेस होता, पांढरा, जाड. चिलटं उठली. कारखानदारानं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मुलगी मशीन घेऊन आली. तिनं भांड्यात थोडं काढलं, गाळलं, मशीनच्या पट्टीवर थेंब टाकला. मशीनवर परत इंग्रजी दोनच अक्षरं आली. मला वाटलं, झालं, मागच्यासारखीच आली. पण ती वेगळी होती, मोजण्याएवढीही साखर नसल्याची. तिचं तोंड बघून मला कळलं.

ती हळू आवाजात म्हणाली, आबा, डबा टाकला होता ना? आबा हसला. अगदी लहान पोरानं पाठीमागं काही लपवावं तसा. "डबा जसाना तसा शे," तो म्हणाला. "जपीसन ठेयेल शे मी. तुन्हाच कामले ई पुढे."

म्हणजे झालं होतं ते असं. मागच्या ड्रममधलं तांब्याभर गोड पाणी आबानं नेऊन घरी गाडग्यात ठेवलं होतं. रोज त्याला गुळाचं पाणी घालत होता. ते फसफसायला लागलं, तेव्हा त्याची खात्री झाली की हे जिवंत आहे आणि वाढतंय. पोरगी म्हणते ते पुस्तकातलं, हे घरचं. डबा त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवला, आणि ड्रममध्ये ते गाडगं रिकामं केलं. तिला दाखवायचं होतं त्याला. एवढ्या मोठ्या माणसासमोर ती म्हणणार, आबा, तुम्ही बरोबर होतात, आता डबा आणायला नको. त्याच्यासाठी ती भेट होती.

आबा वाईट हेतूनं वागला असता तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. तो वाईट नव्हता. हीच माझी अडचण आहे, आजपर्यंत.

कारखानदाराला अहिराणी फारशी कळली नसावी, किंवा कळून त्यानं लक्ष दिलं नाही. त्यानं मुलीला विचारलं, काय झालं हे? मी तोंड उघडलं. मी सांगणार होतो, हे हिचं काम नाही, हे या म्हाताऱ्याचं काम आहे, हिचं काम तुम्ही नमुन्यात बघितलंय. तिनं मागं न बघता माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला.

"चूक माझी झाली," ती म्हणाली. "माझ्याकडून मिश्रण बिघडलं."

मान खाली घालून म्हणाली. जिनं कॉलेजातल्या त्या लोकांसमोर मान खाली घातली नव्हती, ती आमच्या शेडमध्ये, आमच्या पत्र्याखाली. कारखानदार सभ्य होता. म्हणाला, होतं असं, पण मॅडम, माझ्याकडे रोज गाड्या भरतात, एक दिवस माल असा निघाला तर माझी गुरं मरतील, म्हणजे गिऱ्हाइकांची. घरगुती पातळीवर हे अवघड आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काका, मुलगी हुशार आहे हो तुमची, तिला एखाद्या चांगल्या कंपनीत लावा. जसं काही मी तिला चुलीपुढं बांधून ठेवली होती. वहिनीनं पुन्हा चहा विचारला, तो म्हणाला झाला, आणि गाडी वळवून गेला.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, त्याला फोन कर आणि खरं काय ते सांग. ती म्हणाली, काय सांगू? माझ्या काकांनी डबा कोठीत ठेवला हे? नाना, ज्या धंद्यात डबा कोठीत जाऊ शकतो तो धंदा नसतोच, तो बरोबर बोलला. मी म्हटलं, मग आबाला तरी सांगतो. त्यावर ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली.

"नाही सांगायचं. ते माझ्यासाठी करत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम स्वतःचं समजून केलं. ते मोडायचं नाही. मला कबूल करा."

कुणीतरी पहिल्यांदा. मी तिथंच बसलो होतो, काळा चष्मा लावून. मी कबूल केलं.

ती गेली. ट्रॅव्हल्सनं, ज्या गाडीनं डबे यायचे तसल्याच गाडीनं. तिकडे ती आता ते डबे तपासते. बरं चाललंय म्हणते. मी विचारत नाही, ती सांगते.

ड्रम धुऊन उलटे घालून ठेवले. आबा तरीही रोज शेडवर जायचा आणि उलट्या ड्रमवर बसायचा. आणि गावात तो काय सांगत होता ते मला टपरीवर कळलं. पोरगीच म्हणाली ना, मन्ही चूक झाली म्हणून. तर पोरगीचं काहीतरी चुकलं, लिंबाचं सत जास्त पडलं असावं. विरजण बरोबर होतं. अजून दोन दिवस थांबले असते तर लागलं असतं. धुळ्याचा माणूस उतावळा. शिकलेल्यांना दम नसतो. माणसं ऐकायची आणि माझ्याकडे बघायची. आणि भावकीतला जो माझ्या तोंडावर बोलला होता तो दुसऱ्याला म्हणाला, मीही ऐकावं म्हणून म्हणाला, की शेवटी खोडं सडलीच. मी चहा टाकून उठलो. मला एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. ते वाक्य माझ्या तोंडात आजही आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आली. आमच्याकडे आखाजीला लेकी येतातच, लग्न झालेल्या येतात, ही तशीच आली. माझ्या घरी बॅग ठेवली आणि आधी आबाकडे गेली. वहिनीनं खापरावर पुरणपोळ्या केल्या होत्या. आम्ही सगळे तिथंच जेवायला बसलो. आबाला तिला बघून भरून आलं. पाटावर बसून तो वहिनीला, मला, सगळ्यांना सांगायला लागला, की हिच्या कंपनीत काय करतात कोण जाणे, पण मी तिला विरजण लावायला शिकवलं असतं तर त्या कंपनीला टाळं लागलं असतं. आणि तिनं काय करावं? ती हसली. म्हणाली, हो आबा, साहेबांना सांगते. आबानं तिच्या ताटात स्वतःच्या हातानं आणखी पोळी वाढली, वर तूप ओतलं. ती खात होती. खरंच खात होती, आवडीनं.

मी हात धुतला आणि निघून आलो. पाठीमागून वहिनी म्हणाली, भाऊजी, आमरस राहिला. मी वळलो नाही.

गाडीला सोडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, नाना, जाऊ द्या ना आता. तिनं जाऊ दिलंय. तिला ते जमतं. तिला तिकडे काम आहे, नवी माणसं आहेत, रात्री ती थकून झोपत असेल. मला इथं रोज तोच बांध आहे आणि त्याच बांधावर तीच खोडं, आणि समोरून तोच आबा काठी टेकत येतो आणि विचारतो, पोर कधी येणार, ड्रम धुवू का. मी म्हणतो, राहू दे.

ती गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दोन माणसं लावून शेडचे माझ्या वाट्याचे पत्रे काढले. अर्ध्याला छप्पर, अर्ध्यावर ऊन. लोखंडी अँगल तसेच ठेवले. पत्रे घरामागं रचून ठेवलेत, त्यांचं मला काही करायचं नाही. गावाला वाटलं भाऊ वाटण्या करतायत म्हातारपणी. भावकीतले मिटवायला आले, त्यांना मी दारातून परत पाठवलं.

आबा शेडवर आला तेव्हा माणसं शेवटचा पत्रा उतरवत होती. तो त्याच्या बाजूच्या सावलीत उभा राहिला. बराच वेळ वर बघत होता. मग मला म्हणाला, "काबर रे भाऊ? मन्हं काही चुकनं का?"

माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांना म्हटलं, पत्रा खाली घ्या, कडा सांभाळा, हात कापेल.